बाबांचा पेसमेकर आणि शर्टाचा डावा खिसा

उंबरठा | ९ जून, रात्री १०:४२

बाबांना (वय ७४, सातारा) पंधरा दिवसांपूर्वी पेसमेकर बसवला. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती आम्ही महिनाभर उन्हावर आणि पित्तावर ढकलली. शेवटी नाडी मोजली तर ३६! आता तब्येत झकास आहे, टाके निघाले, भूक लागतेय. घोडं अडलंय मोबाईलपाशी.

बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. शर्टाचा डावा खिसा म्हणजे त्यांचं ऑफिस. पेन, पास, चष्मा, सुटे पैसे आणि आता मोबाईल. पेसमेकर बसलाय तो नेमका त्या खिशाच्या वर, गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं. घरी आल्या दिवसापासून जो येतो तो नवा नियम सांगून जातो. थोरली आत्या म्हणते मोबाईल घरातच नको. मामेभाऊ म्हणतो उजव्या कानाला चालतो. एका काकांनी टीव्हीच्या रिमोटलाही बंदी घातली. आईने घाबरून मिक्सर झाकून ठेवलाय, पाट्यावर चटणी वाटतेय. दादाने बाबांचा फोन कपाटात कुलूपबंद केलाय. त्यामुळे पेन्शनरांचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, सगळंच बंद. काल चिडून म्हणाले, "मशीन बसवलंय की घरावर जप्ती आलीय?"

डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ आहे, "चुंबकीय वस्तूंपासून दूर राहावे." दूर म्हणजे किती? राउंडच्या डॉक्टरांना विचारलं, ते "काही होत नाही हो" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. ज्यांच्या घरी पेसमेकर किंवा असं काही यंत्र आहे त्यांनी प्रत्यक्षात काय पाळता ते सांगा. ऐकीव भीती नको, ती घरात भरपूर आहे.

---

घरकोंबडा | ९ जून, रात्री १०:५८

रुमाल टाकून ठेवतो. सासऱ्यांना पुढच्या आठवड्यात बसवायचाय.

---

पहाटवारा | ९ जून, रात्री ११:२०

उंबरठा, आधी तो फोन कपाटातून काढा. माझ्या आईला २०१६ पासून पेसमेकर आहे आणि ती माझ्यापेक्षा जास्त वेळ फोनवर असते. आम्ही दोनच गोष्टी पाळतो. फोन उजव्या कानाला, आणि छातीपासून सहा इंच लांब. उशाशी फोन घेऊन झोपायचं नाही, कारण झोपेत तो कुठे सरकेल सांगता येत नाही. पेसमेकरचं जे ओळखपत्र मिळतं त्याची झेरॉक्स पर्समध्ये, फोटो माझ्या फोनमध्ये.

मिक्सर चालतो. आईंना म्हणावं पाटा उचलून ठेवा.

---

गिरमिट | ९ जून, रात्री ११:३१

पाटा राहू द्या हो. चटणीला चव तीच. बाबांच्या आजारपणातून काही तरी चांगलं निघू दे.

---

कात्रजचाघाट | १० जून, सकाळी ७:०५

हे सगळं फॅड आहे. माझे काका नऊ वर्षं पेसमेकर घेऊन फिरले, फोन कायम डाव्या खिशात. काही झालं नाही. हॉस्पिटलवाले स्वतःची मान सोडवून घ्यायला कार्डावर काहीही छापतात. विमानात फोन बंद करायला सांगतात तसंच. फोनने विमान पडलेलं कोणी पाहिलंय?

---

कोंडाजी | १० जून, सकाळी ८:१२

घाटसाहेब, काकांकडे फोन कुठला होता?

आणि फाईव्ह जी टॉवरबद्दल कोणी बोलत का नाही? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बसवलाय, तेव्हापासून चिमण्या दिसत नाहीत.

---

गिरमिट | १० जून, सकाळी ८:१५

चिमण्यांना पेसमेकर होता का?

---

सरळरेषा | १० जून, दुपारी २:४०

कॅथलॅबमध्ये (हृदयात तारा-नळ्या घालून उपचार करतात ती खोली) टेक्निशियन आहे, १४ वर्षं. पेसमेकर बसवताना आणि नंतरच्या तपासणीला मशीनपाशी मीच असतो. डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं विचारू नका. (आयडीवरून विनोद करून झाले आहेत, नवीन असेल तरच करा.)

पहिली गोष्ट. नाडी ३६ म्हणजे बाबांना बहुधा हार्ट ब्लॉक असणार. हार्ट ब्लॉक आणि ब्लॉकेज वेगळे. ब्लॉकेज म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं, ते प्लंबरचं काम. हार्ट ब्लॉक म्हणजे वरच्या कप्प्यातून खाली जाणारा विजेचा निरोप अडकणं, ते वायरमनचं काम. पेसमेकर हा वायरमन आहे. हृदयाचा स्वतःचा ठोका येतोय का हे तो ऐकत बसतो, आला नाही तर बारीकसा करंट देतो. हे "ऐकणं" महत्त्वाचं, कारण मोबाईलची सगळी भानगड तिथेच आहे.

फोनपासून त्रास दोन वाटांनी होऊ शकतो.

एक, रेडिओ लहरी. जुना टू जी फोन रेडिओजवळ ठेवला की कॉल यायच्या आधी टिरटिर-टिरटिर वाजायचं, आठवतंय? तो फोन सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी पाठवत असे, सेकंदाला २१७ तुकडे, आणि जोर २ वॉटपर्यंत. ती टिरटिर पेसमेकरने ऐकली तर त्याला वाटू शकतं की हृदयाचाच ठोका आला, आणि तो गप्प बसतो. १९९७ साली अमेरिकेत ९८० रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली होती. फोन वेगवेगळ्या जागी, मुद्दाम पेसमेकरच्या वरही, धरून बघितला तेव्हा एकूण चाचण्यांपैकी २० टक्के वेळा काही ना काही गडबड दिसली, त्यातली बरीचशी किरकोळ. आणि फोन नेहमीसारखा कानाला धरला तेव्हा? धोक्याची म्हणावी अशी एकही नाही. उजव्या कानाचा नियम तिथपासूनचा. त्यानंतर पेसमेकरमध्ये फिल्टर सुधारले, फोनचा जोर कमी झाला. आज लहरींची भीती जवळपास उरलेली नाही. टॉवर तर फार लांबची गोष्ट. चिमण्यांचं मला माहीत नाही.

दोन, चुंबक. ही वाट जुनीच, पण फोनमध्ये ती नव्याने आली. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक स्विच मुद्दाम ठेवलेला असतो. साधारण १० गॉसचं (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) चुंबक जवळ आलं की यंत्र ऐकणं थांबवतं आणि ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतं, कंपनीप्रमाणे मिनिटाला ८५, ९०, १००. चुंबक काढलं की पूर्ववत. आम्ही तपासणीत मेदूवड्याएवढं एक कडं छातीवर ठेवतो ते याचसाठी. बॅटरी संपत आली असेल तर तो वेग बदललेला दिसतो. म्हणजे चुंबक हे विष नाही, ते आमचंच हत्यार आहे. फक्त ते दिवसभर खिशात असू नये.

आता कात्रजचाघाट यांच्या काकांबद्दल. नऊ वर्षं काही झालं नाही हे खरं असणार. त्यांच्या फोनमध्ये बहुधा स्पीकरचं इवलंसं चुंबक तेवढं होतं. २०२० मध्ये आयफोन १२ आला, त्याच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं कडंच बसवलेलं. जानेवारी २०२१ मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की तो फोन छातीवर धरला तर आयसीडी बंद पडल्यासारखं होतं. आयसीडी म्हणजे पेसमेकरचा थोरला भाऊ, जीवघेणी धडधड सुरू झाली तर आतून शॉक देणारा. चुंबकाखाली तो शॉक द्यायचं थांबवतो. ज्याला आयसीडी आहे त्याच्यासाठी हे किरकोळ नाही. खुद्द ॲपल सांगतं की फोन १५ सेंटीमीटरपेक्षा लांब, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवा.

तर "दूर" म्हणजे १५ सेंटीमीटर. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ताणून धरा. टीच. बस, एवढंच.

---

उंबरठा | १० जून, दुपारी ३:२५

सरळरेषा, दंडवत. हा प्रतिसाद प्रिंट काढून आत्याच्या घरी चिकटवणार आहे. बाबांचा फोन साधा अँड्रॉइड, पण दादाने मागच्या दिवाळीत त्याला पाकिटासारखं कव्हर घेऊन दिलंय, बंद केलं की टक् करून चिकटतं. ते चुंबक का?

---

सरळरेषा | १० जून, दुपारी ३:३१

तेच. फोनपेक्षा कव्हर वाईट. एखादी टाचणी जवळ नेऊन बघा. कव्हर बदला, ऐंशी रुपयांत रबरी मिळतं.

---

तिरफळ | १० जून, संध्याकाळी ६:१०

सगळे शर्टाच्या खिशाबद्दल बोलताय, बायकांचं काय? आमच्या आईला (कुडाळ, वय ६८) पेसमेकर डाव्या बाजूला, आणि ती मोबाईल ठेवते ब्लाऊजमध्ये, डाव्या बाजूला! बटव्यात घालून, बटवा आत. दोन वर्षं सांगतेय. बाजारात जाताना, देवळात जाताना, माडाखाली पातेरा गोळा करतानासुद्धा. म्हणते, "माका काय धाड भरूक नाय, तू तुझा बघ."

हॉस्पिटलातल्या पुरुष डॉक्टरांनी तिला विचारलं, मोबाईल खिशात ठेवत नाही ना? ती म्हणाली नाही. खोटं कुठे बोलली? खिसाच नाही तिला. पुढच्या तपासणीला सिस्टरने विचारलं, "काकी, फोन खंय ठेवतास?" तेव्हा तिने हसत तिथूनच काढून दाखवला.

आता साडीच्या खोचणीत, उजव्या कंबरेला अडकवायची पिशवी शिवून दिलीय. दहातून सहा वेळा वापरते.

---

पहाटवारा | १० जून, संध्याकाळी ६:३०

तिरफळ, शब्दाशब्दाला +१. पर्सचं टक्-बटणही चुंबकाचं असतं, पर्स काखेत धरली की बरोब्बर तिथे येतं.

---

बहिरीससाणा | १० जून, रात्री ९:०२

थोडं अवांतर, पण धागाकर्तीने "असं काही यंत्र" म्हटलंय म्हणून. माझी यंत्रं दोन्ही कानांत आहेत, आयडीवरून कळलंच असेल.

सरळरेषा म्हणतात ती २१७ची टिरटिर मी २००३ पासून थेट कानात ऐकलीय. तेव्हा फोन कानाला लावला की समोरचा माणूस गिरणीत उभा राहून बोलतोय असं वाटायचं. मी ऑफिसात फोन उचलत नाही म्हणून उर्मट ठरलो होतो. त्यावर उपाय यंत्रातच होता आणि मला सहा वर्षं कोणी सांगितला नाही. टी लिहिलेली एक सोय असते, टेलिकॉइल. तिच्यावर टाकलं की यंत्राचा माईक बंद होतो आणि आतली तारेची गुंडाळी फोनच्या स्पीकरचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडते. म्हणजे जे चुंबक पेसमेकरवाल्यांचा वैरी ते आमचं मैतर. फोन घेताना खोक्यावर एम ३, टी ३ किंवा एम ४, टी ४ असं लिहिलंय का बघायचो (एम माईकसाठी, टी टेलिकॉइलसाठी). आकडा मोठा तितकी खरखर कमी.

आता ब्लूटूथ आलं, फोन थेट कानात वाजतो. त्याचा तोटा म्हणजे भाचीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, "शुभमंगल" चाललेलं, आणि माझ्या डोक्यात एक बाई विचारतेय की सर, पर्सनल लोन हवंय का. मी मोठ्याने "नको" म्हणालो. भटजी थांबले.

---

गिरमिट | १० जून, रात्री ९:०६

मुलीकडच्यांनी काय केलं???

---

बहिरीससाणा | १० जून, रात्री ९:०९

मीच मुलीकडचा होतो.

---

साखरझोप | ११ जून, पहाटे ४:५०

सगळ्यांचं वाचलं. माझा प्रश्न उलटा आहे म्हणून लिहितेय. इथे सगळे फोन लांब कसा ठेवायचा ते सांगताय. माझ्या घरी फोन लांब गेला तर धोका.

मुलगी ९ वर्षांची, टाईप वन डायबेटिस. दंडावर सेन्सर लावलेला असतो, त्यातून साखरेचा आकडा ब्लूटूथने फोनवर येतो. ७०च्या खाली गेला की फोन ओरडतो. निदान ओरडायला हवा.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री फोनने स्वतःहून अपडेट घेतलं. मी पहाटे चारला पाणी प्यायला उठले, सवयीने फोन बघितला. आकडा ५२, खाली जाणारा बाण. फोन गप्प. अपडेटनंतर ॲपची परवानगी उडाली होती आणि "व्यत्यय नको" चालू झालं होतं. मुलीला हलवलं तर घामाने उशी भिजलेली. ग्लुकोज पावडरीचं पाणी चमच्याने पाजलं. पंधरा मिनिटांनी ७४. त्या पंधरा मिनिटांत मी फोन हातात धरून त्याच्याकडे बघत बसले होते, त्याच फोनकडे.

नंतर कळलं की हे फक्त माझ्याच बाबतीत झालेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणारं सरकारी खातं) फेब्रुवारी २०२५ मध्ये याच गोष्टीवर सूचना काढली होती. फोनचं सेटिंग, अपडेट, ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असणं, यामुळे डायबेटिसच्या यंत्रांचे इशारे वाजत नाहीत किंवा ऐकू येत नाहीत. इशारा ड्रॉवरमध्ये पडलेल्या इअरफोनमध्ये वाजत बसतो. महिन्यातून एकदा तरी तपासा असं त्यांचं सांगणं. मी दर रविवारी तपासते. फोनचं आपोआप अपडेट बंद. बॅटरी वाचवायच्या यादीतून ते ॲप वगळलं, कारण आपल्याकडचे बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात. आमचा सेन्सर साधारण ६ मीटरपर्यंतच पोचतो, तेव्हा फोन तिच्याच खोलीत. आणि लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचून बघायचं, सेन्सरवर विश्वास ठेवायचा नाही. दंडावर दाबून झोपली तर आकडा खोटा कमी दाखवतो, तेही शिकले.

---

घरकोंबडा | ११ जून, सकाळी ७:४०

साखरझोप, आयडीचा अर्थ आत्ता लागला.

---

कात्रजचाघाट | ११ जून, सकाळी ८:२०

साखरझोप, माझ्या बायकोलाही सेन्सर आहे. रात्री तुमचं वाचून तिचा फोन बघितला. "बॅटरी सेव्हर" चालू. गेले दोन महिने एकही इशारा आला नाही आणि आम्ही समजत होतो साखर उत्तम आहे. बदललं. आभार.

काकांबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

---

सरळरेषा | ११ जून, सकाळी १०:०५

काका थोर होते, मान्य.

---

बांधावरचा | ११ जून, दुपारी १२:३०

आमच्याकडं चुलत्याला बसवलाय दोन वर्षं झाली. मोबाईलचं सगळे विचारतात, आम्हाला शेतातलं कोण सांगणार? चुलत्यानं तीन गोष्टी विचारल्या होत्या. मोटारीचा स्टार्टर, वेल्डिंग, आणि रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. डॉक्टर शहरातले, त्यांना झटका मशीन काय ते समजावून सांगावं लागलं. मग म्हणाले स्टार्टर दाबायला हरकत नाही, हात लांब ठेवून दाबा, पेटीवर छाती टेकवून वायरी जोडत बसू नका. वेल्डिंग स्वतः करू नका, दुसऱ्याकडून करून घ्या आणि लांब उभे राहा. झटक्याच्या तारेला मात्र अजिबात हात नको.

आता रोज संध्याकाळी झटका चालू करायला पोरगं जातं. चुलता बांधावर उभा राहून "तार ओढली का, तार ओढली का" ओरडतो. डाव्या खिशात मोबाईल असतोच. आज सांगतो त्याला टीच.

---

मुक्कामपोस्ट | ११ जून, संध्याकाळी ५:५५

एक सावधगिरी माझ्याकडून. सासूबाईंना पेसमेकर झाल्यावर आमच्याच नात्यातले एक जण चुंबकाची गादी विकायला आले होते. हॉल घेऊन मेळावा, खाली तीन माणसं जोडा, ती साखळी. म्हणे रक्ताभिसरण सुधारतं, हृदयाला तर फारच चांगली. किंमत विचारू नका. मी म्हटलं हिच्या छातीत काय बसवलंय माहितेय का? तर म्हणतात, "मग तर दुप्पट फायदा!"

नातं तुटलं, गादी आली नाही.

---

सरळरेषा | ११ जून, संध्याकाळी ६:२०

मुक्कामपोस्ट, उत्तम केलंत. चुंबकी गादी, चुंबकी बांगडी, चुंबकी पट्टा, सगळं हद्दपार. छातीवर लावायचा चुंबकी नावाचा बिल्ला, गळ्यात लटकणारे इअरफोन ज्यांची टोकं एकमेकांना चिकटतात, हेही. वायरलेस इअरफोनच्या डबीतही चुंबक असतं. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ मध्ये अशा डब्या आणि टॅबलेटची पेनं तपासली होती, एक-दोन सेंटीमीटरच्या आत आणली तरच परिणाम. म्हणजे कानात घाला, खुशाल. डबी डाव्या खिशात नको. परत डावा खिसाच.

इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. वायफायच्या डब्याला मिठी मारू नका. टीव्हीचा रिमोट बिनधास्त, काकांना सांगा.

---

दूरदेशी | ११ जून, रात्री ११:४५

न्यू जर्सीहून. इथे माझ्या वडिलांच्या पेसमेकरचा डबा उशाशी आहे, टेबलावर. रात्री तो पेसमेकरशी बोलतो आणि सगळा हिशेब क्लिनिकला पाठवतो. आता नवीन यंत्रांत तर हे काम फोनचं ॲपच करतं. म्हणजे सरळरेषा म्हणतात तो वैरी आता कारकून झालाय.

अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या छातीतल्या यंत्राची वायरलेस सोय डॉक्टरांनी २००७ मध्ये बंद करून ठेवली होती, कोणी बाहेरून हॅक करून मारेल म्हणून. हे त्यांनी स्वतः २०१३ मध्ये सांगितलं. तुमच्या बाबांना तेवढे शत्रू नसावेत.

---

उंबरठा | १२ जून, सकाळी ७:१५

बाबा कंडक्टर होते हो. सुट्ट्या पैशांवरून शत्रू भरपूर.

---

पांथस्थ | १२ जून, सकाळी ९:३०

शरीरात बसवलेल्या पहिल्या पेसमेकरचा किस्सा कोणी सांगितला नाही अजून. १९५८, स्टॉकहोम. आर्ने लार्सन नावाचे गृहस्थ, दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडायचे. त्यांची बायको इंजिनिअर एल्मक्विस्ट आणि सर्जन सेनिंग यांच्या मागे हात धुऊन लागली. यंत्र तयार नव्हतंच, बाई ऐकेना. शेवटी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ओतून बनवलं. पहिलं काही तासांत बंद पडलं, लगेच दुसरं बसवलं. लार्सननी पुढे आयुष्यात एकूण २६ यंत्रं वापरली आणि २००१ पर्यंत, ८६व्या वर्षापर्यंत जगले. यंत्र बनवणारा आणि बसवणारा, दोघेही त्यांच्या आधी गेले.

---

कोंडाजी | १२ जून, सकाळी ९:४४

त्यांच्या काळी फाईव्ह जी नव्हतं.

---

पहाटवारा | १२ जून, सकाळी १०:१०

(सुस्कारा)

प्रवासाचं राहिलं. विमानतळावर चौकटीतून सरळ चालत जायचं, तिच्यात रेंगाळायचं नाही. हातातली काठी छातीवर फिरवू लागले की कार्ड दाखवायचं, ते हाताने तपासतात. मेट्रोत आईने कार्ड काढलं तर गार्ड म्हणाला, "मावशी, हे चालणार नाही, मोबाईलवर क्यूआर दाखवा." तिला वाटलं पेसमेकरचाही क्यूआर असतो.

---

निवांतपणे | १२ जून, दुपारी ३:००

लिहू की नको विचार करत होतो. उंबरठा, आत्ता तुम्हाला लागू नाही, पण कधी तरी कोणाला लागेल. आमचे आजोबा मागच्या वर्षी ९१व्या वर्षी गेले. विद्युतदाहिनीत न्यायचं ठरलं, आणि ऐनवेळी कोणीतरी विचारलं की यांना पेसमेकर होता ना? तो आधी काढून घ्यावा लागतो, आतल्या बॅटरीचा स्फोट होतो. रात्री साडेदहाला ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. दहा मिनिटांचं काम. पण आजी दारात उभी होती. हे घरच्यांना आधी माहीत असतं तर हॉस्पिटलमध्येच झालं असतं.

आजोबांचं यंत्र अजून चालू होतं. टेबलावर ठेवलं होतं, काड्यापेटीएवढं. मामा म्हणाला बंद कसं करतात? कोणालाच माहीत नव्हतं.

---

सरळरेषा | १२ जून, दुपारी ३:४०

बरोबर आहे, आणि लिहिलंत हे चांगलं केलंत. लाकडाच्या चितेलाही तेच लागू.

---

उंबरठा | १४ जून, रात्री ९:२०

खूप उशिरा येतेय, शनिवार-रविवार साताऱ्याला होते. सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. निवांतपणे, तुमचाही. त्यावर शांतपणे म्हणाले, "बरं झालं सांगितलं, लिहून ठेव." आईने विषय बदलला.

आता वृत्तांत. मिक्सर सुरू, पाटा परत आडोशाला (गिरमिट, माफ करा). कव्हरजवळ टाचणी नेली, ती उडी मारून चिकटली. बाबांनी दादाकडे असं बघितलं जसं विनातिकीट माणसाकडे बघायचे. रबरी कव्हर आलं.

खिशाचा प्रश्न शिंप्याकडे नेला. चार शर्ट दिले, म्हटलं डावा खिसा काढून उजवीकडे लावा. तो म्हणाला काढलेल्या जागी कापडाचा रंग गडद दिसेल. दिसू दे म्हटलं. पण बाबा ऐकेनात. उजव्या खिशात हात जातच नाही म्हणे, ३१ वर्षांची सवय. दिवसभरात सात वेळा फोन डाव्या बाजूला नेला, तिथे खिसाच नाही म्हणून फोन दोनदा खाली पडला.

मग त्यांनीच माळ्यावरून स्वतःची जुनी कंडक्टरची चामडी बॅग काढायला लावली. तेल लावून पुसली. बक्कल पितळी, चुंबक नाही, टाचणीने तपासलं. फोन, चष्मा, पेन, पेसमेकरचं कार्ड, सगळं त्यात. आता घरातल्या घरात बॅग अडकवून फिरतात.

---

सरळरेषा | १४ जून, रात्री ९:३३

कल्पना अफलातून. पण पट्टा कुठल्या खांद्यावर?

---

उंबरठा | १४ जून, रात्री ९:३८

डाव्या. बॅग उजव्या कंबरेला. का?

---

सरळरेषा | १४ जून, रात्री ९:४१

पट्टा बरोब्बर जखमेवरून जातो. उजव्या खांद्यावर सरळ खाली लटकू दे, आडवा नको. आणि डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हे सांगितलंय ना? साधारण सहा आठवडे. आतली तार अजून नीट रुजलेली नसते, ओढली गेली तर सगळं पुन्हा करावं लागतं. सध्या फोनपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

---

उंबरठा | १४ जून, रात्री ९:५२

अरे देवा. घंटीची दोरी ते डाव्या हाताने ओढायचे. अजून झोपेतून उठताना तो हात वर जातो. आईला आत्ता फोन करते.

---

गिरमिट | १४ जून, रात्री ९:५५

आईंना सांगा, डबल बेल देऊ नका म्हणून.

---

शेवंता_पनवेल | १५ जून, सकाळी ६:४८

धागा पूर्ण वाचला नाही, पण विचारते. सासूबाईंना पेसमेकर आहे, मुलाने त्यांना स्मार्ट घड्याळ पाठवलंय. डाव्या हातात चालेल का?

---

सरळरेषा | १५ जून, सकाळी ८:०२

चालेल. त्याचा चार्जर चुंबकी असतो, तो छातीपासून टीचभर लांब. त्या हात छातीवर ठेवून झोपत असतील तर घड्याळ रात्री काढून ठेवा. अंगातली चरबी मोजायची सोय घड्याळात असेल तर ती वापरू नका, ते शरीरातून बारीक करंट सोडतं. चरबी सांगणारा वजनकाटाही तसाच.

टीच म्हणजे काय ते वर आहे. वाचाच.